पटावरची खेमा

दर्यापूर, २८ जून २०११

देवमन दादा,

जयभीम. तिकडे सगळे खुशाल असतील वगैरे मी लिहीत नाही. तू खुशाल आहेस, काल डोळ्यांनी पाहिलं.

फोन केला की तू कापतोस, म्हणून हे पत्र. शाळेच्या पत्त्यावर पाठवत नाही, कारण तुमच्या मुख्याध्यापिका सुभद्राबाई आल्यागेल्याचं सगळं फोडून वाचतात. तुझ्या अकोल्याच्या घरी टाकते. सत्यवती वहिनीने वाचलं तरी माझी हरकत नाही. वाचावंच तिने.

काल शाळा उघडली. मी सकाळची अंजनगावची फेरी दुसऱ्या कंडक्टरच्या गळ्यात मारली आणि खेमाला घेऊन आले. लाल रिबिनी, दोन वेण्या. दप्तराचं बक्कल तुटलं होतं ते तिच्या बाबांनी फवारणीच्या पंपाचा पट्टा कापून बसवून दिलं. सध्या पंप दुरुस्तीला कमी आणि विकायला जास्त येतात, तेव्हा पट्ट्यांना तोटा नाही. पोरगी इतकी खुशीत होती की घरापासून फाटकापर्यंत तिने माझं बोट एकदाही सोडलं नाही.

फाटकात सुभद्राबाई आडव्या आल्या. काय म्हणाल्या ते तू ऐकलंस, तरी लिहिते, कारण ऐकून न ऐकल्यासारखं करायची तुला सवय लागली आहे.

"माया, तू समजदार बाई हायस. पोट्टीचं नाव राहू दे पटावर. पोट्टी मात्र घरी राहू दे. हजेरी लागत राहीन, तू काळजी नको करू."

"कावून?"

"बाकीच्या मायबापांले नाई चालत. आमाले सगळ्यांचं पाहा लागते."

तू त्यांच्या मागे हजेरीपट काखेत धरून उभा होतास. खेमाने तुला पाहिलं आणि "मामाऽ" म्हणून आरोळी ठोकली. तू पंख्याकडे पाहिलंस. तो बंद होता दादा, लाइट नव्हती. पुढे मी जे बोलले ते तुला ऐकू गेलंच असेल. स्टँडवर ओरडून ओरडून माझा गळा तयार आहे.

आता तुला तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तुझ्या पहिलीच्या वर्गाला पोरं पुरत नव्हती. कापसाने लोकांना असं झोपवलं की घरंच्या घरं सुरतेला, पुण्याला, वीटभट्ट्यांवर निघाली, आणि पोरं त्यांच्याबरोबर गेली. पट कमी झाला की तुकडी मोडते, तुकडी मोडली की नवा मास्तर अतिरिक्त ठरतो. म्हणून तुम्ही मास्तर लोक दर उन्हाळ्यात दारोदार पोरं मागत फिरता, कोणाला दप्तर देता, कोणाला सायकल कबूल करता. माझ्या दारी तू काहीच आणलं नव्हतंस. तू मामा.

अमरावतीच्या विशेष शाळेने तेव्हा खेमाला घ्यायचं कबूल केलं होतं. तिथल्या बाईंनी तिला मांडीवर घेऊन चित्रं दाखवली, ठोकळे रचायला दिले, आणि म्हणाल्या, हळू शिकेल पण शिकेल. तू आमच्या ओट्यावर बसून मला वेड्यात काढलंस. "थ्या येड्या पोट्ट्यांत कावून टाकतेस भाचीले? माह्या वर्गात बसू दे. मी हाय ना." हे मी हाय ना ऐकून मी अमरावतीची जागा सोडली. सगळे कागद तूच भरलेस, तूच सही घेतलीस, तूच नेलेस. घरचा माणूस म्हणून मी ना पावती मागितली ना दाखला.

मग दुसरीत तिला वर्गाबाहेर काढून व्हरांड्यात बसवलं. पोरांच्या चपला जोडीने लावायचं काम दिलं आणि नाव दिलं मॉनिटर. ती घरी येऊन सांगायची, "मी मॉनिटर हाय." आम्ही नवरा-बायको टाळ्या वाजवायचो. कशाची मॉनिटर ते शेजारच्या जमुनाने सांगितलं तेव्हा समजलं. तू तेव्हाही त्याच वर्गात फळ्यापाशी उभा होतास.

मला फार काही नको. तिला आत बाकावर बसव. पंचायत समितीचे ते फिरते विशेष शिक्षक आहेत, त्यांना तिच्यासाठी बोलावून घे. कोणी म्हणालं तर सांग, माझी भाची आहे, बसेल. एवढं एक वाक्य तुला बोलायचं आहे.

तुझी बहीण,
माया


दर्यापूर, १९ ऑगस्ट २०११

दादा,

तू हल्ली अकोल्याहून काळीपिवळीने येतोस म्हणे. पूर्वी माझ्या गाडीची वाट पाहत थांबायचास, कंडक्टर बहीण आहे म्हणून पुढच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायचास. आता जीपमध्ये चौथ्या सीटवर कोंबून घेतोस, पण माझ्या गाडीत चढत नाहीस. परवा वळणावर जीप आमच्या पुढे गेली तेव्हा तू मान खाली घातलीस. घाल. मानेचा तुझ्या उपयोगच काय ते कालच्या सुनावणीत सगळ्यांनी पाहिलं.

ही सुनावणी मिळवायला आम्हाला काय काय करावं लागलं ते तुझ्या कानावर असावं म्हणून लिहिते. खेमाच्या बाबांना विहारातल्या एका शिबिरात समजलं की आता कायदा झाला आहे, सहा ते चौदा वर्षांच्या कुठल्याही लेकराला शाळेला नाही म्हणता येत नाही, ते जसं असेल तसं घ्यावं लागतं. त्या दिवसापासून हा माणूस बदलला. तुला ठाऊक आहे नागसेन तायडे कसा आहे, गिऱ्हाइकाने पंप तोंडावर फेकला तरी "राहू द्या" म्हणणारा. त्याने दुकान बंद ठेवून अर्ज लिहिला. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आम्ही गेलो तर साहेब नव्हते, कोणत्या तरी गावात कोणी औषध प्यालं म्हणून मंत्री येणार होते आणि सगळे साहेब तिकडे. पुन्हा गेलो, पुन्हा तेच, गाव दुसरं. मधल्या काळात अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो. तिथे दोनशे लोकांच्या रांगेत खेमाने चड्डी ओली केली आणि एका बाईने पदराने नाक दाबलं. डॉक्टरने तिला विचारलं, तुझं नाव काय. ती घाबरून बोललीच नाही. डॉक्टरने लिहिलं, बोलत नाही.

काल अखेर साहेब भेटले. समोर सुभद्राबाई, संस्थेचे अध्यक्ष भगवंतराव, आणि तू. सुभद्राबाई म्हणाल्या, पोरगी चावते, घाण करते, बाकीची पोरं शाळा सोडून जातील. साहेबांनी तुला विचारलं, "वर्गशिक्षक तुमी ना? खरं हाय का हे?"

तू मान हलवलीस.

तोंडाने बोलला असतास तर निदान ते कोणी लिहून घेतलं असतं. मान हलवल्याची नोंद कुठे होते? साहेब म्हणाले, पाहू, आणि चहा मागवला.

ती चावली, दादा. मी लपवत नाही. एकदा चावली, जमुनाच्या पोरीच्या मनगटाला. का चावली ते जमुनाच्या पोरीनेच मला नंतर रडत सांगितलं. त्यांनी मिळून खेमाला चप्पल तोंडात धरून व्हरांडाभर रांगायला लावलं होतं. मॉनिटर ना ती. सगळा वर्ग दारात येऊन हसत होता. आणि आतून तू म्हणालास, "हळू हसा रे, मॅडम येतीन." थांबा नाही म्हणालास. हळू हसा म्हणालास.

तेवढ्यावर मी तुला हे लिहिते, आणि पूर्ण शुद्धीवर लिहिते: वहिनीची कूस उजवली नाही ते बरं झालं. तुझ्या हातात लेकरू द्यावं असा तू माणूस नाहीस. वहिनी वाचत असेल तर तिने फोन करून रडू नये. मी शब्द मागे घेणार नाही.

आम्ही अमरावतीला जिल्हा परिषदेत तक्रार टाकतो आहोत. नागसेनने आजच अर्ज लिहायला घेतला.

माया


दर्यापूर, ४ ऑक्टोबर २०११

देवमन,

वहिनीचा फोन आला होता. रडली. मी शब्द मागे घेतला नाही.

आता मुद्द्याचं. शनिवारी संध्याकाळी माझ्या दारात भगवंतरावांची गाडी उभी राहिली तेव्हा आख्ख्या गल्लीने पाहिलं. अध्यक्ष स्वतः, सुभद्राबाई, आणि त्यांच्या मागे चपला काढायच्या की नाही या विचारात तू. तीन महिन्यांत माझ्या पोरीची आठवण तुम्हा कोणाला आली नाही. पटपडताळणी आली आणि आठवण झाली. सरकारची माणसं एकाच वेळी सगळ्या शाळांत शिरून पोरांची डोकी मोजणार, आणि मोजलेल्याच्या बोटाला मतदानासारखी शाई लावणार, म्हणजे इकडची पोरं तिकडे उसनी नेता येणार नाहीत. दर वर्षीचा तुमचा तो धंदा बसला. म्हणून खरी पोरं हवी होती. खेमासुद्धा चालणार होती.

भगवंतराव माझ्या खाटेवर बसून म्हणाले, "पोरीले पाठव सोमवारी. पुढच्या बाकावर बसवतो, माही जबान हाय."

"अन् मोजून झाल्यावर?"

"नंतरचं नंतर पाहू ना बाई. तुह्या भावाची नोकरी हाय यात. एक एक डोकं लागून राहिलं आमाले."

तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस. खेमाला मात्र उचलून घेतलंस. इतक्या महिन्यांनी मामाने उचललं म्हणून तिने तुझ्या गालाला गाल लावला, आणि तू तिच्या कानात म्हणालास, "चाल नं बेटा, शाळेत जाऊ." हे तू कोणाला म्हणालास? तिला की तुझ्या तुकडीला?

मी तुम्हाला चहा दिला आणि पाठवते म्हटलं. हसून म्हटलं. भगवंतरावांनी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तुम्ही गेल्यावर नागसेन माझ्या विनवण्या करत होता. "पाठव वो. एक दिवस तरी बाकावर बसू दे तिले. तिले काय माईत मोजून राहिले का शिकवून राहिले." मी त्याला म्हटलं, गप बसा. माझी पोरगी त्यांच्या गरजेला डोकं आहे आणि एरवी घाण आहे, हे मी चालू देणार नाही.

सोमवारी मी तिला युनिफॉर्म घातला, दप्तर पाठीला लावलं, घराला कुलूप घातलं आणि तिला माझ्या गाडीत बसवून अंजनगावला नेलं. दिवसभर माझ्या फेऱ्या चालू होत्या. जमुना म्हणाली, भगवंतरावांची गाडी आमच्या दारात तीनदा येऊन गेली. तिला ताप होता, पोरगी आजारी होती असलं काही मी सांगणार नाही. ठणठणीत होती. मीच नेलं, ऐकून घे.

ती खिडकीशी बसून प्रत्येक थांब्यावर विचारत होती, "शाळा आली?" मी म्हणायचे, पुढे आहे. लोक हसत होते. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीपर्यंत विचारत होती. मग झोपली, दप्तर पाठीला तसंच.

तुमच्या मोजणीत एक डोकं कमी पडलं म्हणे. जड गेलं का?

माया तायडे


दर्यापूर, ११ डिसेंबर २०११

दादा,

तुझी तुकडी मोडली. तू अतिरिक्त झालास, मेळघाटात टाकतात की घरी बसवतात ते ठरायचं आहे, असं स्टँडवर ऐकलं. मी ऐकलं तेव्हा मला आनंद झाला. तो पुरा आठवडाभर टिकला. खोटं कशाला लिहू.

मग आमच्या तक्रारीची तारीख लागली आणि आम्ही अमरावतीला गेलो. तिथल्या बाबूने फाइल उघडली, पट पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाला, "बाई, कोणत्या पोरीबद्दल भांडून राहिल्या तुमी? या नावाची पोरगी शाळेत नाईच."

झालं ते असं. मोजणीच्या दिवशी जी पोरं सापडली नाहीत, ती सगळी नावं तुमच्या शाळेने कापून टाकली. सुरतेला गेलेली, शेजारच्या शाळेतली, मेलेली, कधी जन्मलीच नव्हती तीही. संस्थेने सरकारला लिहून दिलं की ही नावं कारकुनाच्या चुकीने लागली होती, ही पोरं आमच्याकडे कधी नव्हती. त्या नावांत खेमा आहे. ती त्या दिवशी माझ्या गाडीत खिडकीशी बसली होती, म्हणून सरकारच्या लेखी ती शाळेत कधी गेलीच नाही.

आता तू हसत असशील. हस.

मी बाबूला म्हटलं, तीन वर्षं युनिफॉर्म घालून गेली. तो म्हणाला, युनिफॉर्म दुकानात मिळतो. प्रगतिपुस्तक दाखवा. ते तिला कोणी कधी दिलंच नाही, हिला कशाला म्हणून. पावती दाखवा. पावती तू ठेवलीस. ऑगस्टच्या सुनावणीचं विचारलं तर ते गटशिक्षणाधिकारी बदलून गेले आणि तिथे लिहून काहीच ठेवलेलं नाही. जमुनाकडे गेले. तिच्या पोरीला शाळेकडून सायकल मिळाली आहे. दारातूनच म्हणाली, "मले काई मालूम नाई वो बाई, मले नको ओढू तुह्या भानगडीत." मनगटाला माझ्या पोरीचे दात लागले तेव्हा बरं सगळं मालूम होतं.

त्यामुळे आता एकच माणूस उरतो. वर्गशिक्षक. तू येऊन सांगितलंस की ही मुलगी तीन वर्षं माझ्या वर्गात होती, की तिचं नाव परत लागतं, आणि नाव लागलं की त्यांना तिला आत घ्यावंच लागतं, विशेष शिक्षक द्यावा लागतो. हे मला त्या बाबूनेच सांगितलं.

मी काय मागते आहे ते मला समजतं. तू हो म्हणालास की ते तुला विचारतील, जूनपासून ती घरी होती तर हजेरी कोणी लावली, तिच्या नावची खिचडी कोणी खाल्ली. तुझ्या हाताने लावलेली हजेरी आहे ती. तुझ्यावर चौकशी बसेल. मेळघाटसुद्धा मिळणार नाही.

वहिनीबद्दल मी लिहिलं ते वाईट होतं. ते आता मागे घेते, कारण मला तुझी गरज आहे. असंच समज. पोरगी रोज सकाळी युनिफॉर्म काढून खाटेवर ठेवते. मी चिडते, तिला एकदा मारलंही. मी तुझ्या पाया पडते दादा. लिहिलं एकदा, आता खोडत नाही. पुढची तारीख सोळा जानेवारीची आहे, अमरावतीला ये.

माया


दर्यापूर, १७ जानेवारी २०१२

देवमन खंडारे यांस,

"तारखेला येतो" असं तू कळवलं होतंस. आलास. दिलेला शब्द पाळणारा म्हणून वहिनीला सांगायला मोकळा झालास.

मी जिल्हा परिषदेच्या पायऱ्यांवर तुझी वाट पाहत होते. तू भगवंतरावांच्या गाडीतून उतरलास तेव्हाच मला समजायला हवं होतं, पण माझं डोकं मेलं भलत्या आशेने भरलेलं. मला वाटलं, गाडीत बसवून आणलं तरी आत गेल्यावर हा बोलेल. संस्थेच्या दुसऱ्या शाळेत तुला घेणार आहेत, हे मला नंतर बाबूकडून समजलं.

साहेबांनी सरळ विचारलं, "खंडारे गुरुजी, ही मुलगी तुमच्या वर्गात होती?"

"नव्हती, साहेब."

नीट, खणखणीत. ऑगस्टमध्ये नुसती मान हलवली होतीस, या वेळी तोंडाने बोललास. लिहिणाऱ्याने लिहून घेतलं.

खेमा तोवर नागसेनच्या मांडीजवळ बिस्किट खात होती. तुझा आवाज ऐकून ती उठली, तुझ्या खुर्चीपाशी गेली, तुझ्या सदऱ्याचं टोक हातात धरलं आणि सुरू झाली. "बे एके बे, बे दुणे चार." तुझ्याच चालीत, दुणेवर तू जोर देतोस तसा. डॉक्टरच्या कागदावर बोलत नाही लिहिलेली माझी पोरगी बे चोक आठपर्यंत गेली. व्हरांड्यात बसून दाराआडून ऐकलं होतं तिने. मला माहीत नव्हतं. घरी एकदाही म्हटली नव्हती. मी नागसेनचा हात दाबला, त्याचे डोळे भरले. साहेबसुद्धा पुढे झुकले.

"हे कोणी शिकवलं बेटा?"

"मामानं. शाळेत."

साहेबांनी तुझ्याकडे पाहिलं. त्या वेळी तू नुसता गप्प राहिला असतास ना, तरी आम्ही जिंकलो होतो. गप्प राहायला तू हुशार आहेस, आयुष्यभर तेच केलंस. नेमका तेव्हा बोललास.

"भाची हाय साहेब माही. घरी जाणंयेणं हाय. घरीच शिकवलं असन कवातरी. तिले शाळा काय अन् घर काय, समजत नाई."

साहेब मागे टेकले. हो हो म्हणाले, घरचंच नातं आहे म्हटल्यावर ओळखणारच.

मग मी उभी राहिले. काय बोलले ते तुला पाठ असेल, तरी पुन्हा लिहिते. "साहेब, हा माणूस माझा भाऊ नाही. माझा कोणीच नाही. माझ्या घराची पायरी यानं कधी चढली नाही. आता विचारा, माझी पोरगी याले कुठं भेटली, याचे पाढे हिले कसे येतात." मी शपथेवर लिहून देते म्हटलं. तुझ्या-माझ्या एका आईला साक्षीला ठेवून म्हटलं.

सुभद्राबाई म्हणाल्या, "राग समजते माया, पण खोटं कावून बोलून राहिली?" त्या म्हणाल्या. मला. आणि साहेब हसले, वाईट हेतूने नाही, कंटाळून. त्यांच्या पुढे दुसऱ्या फाइली होत्या.

निकाल तिथेच सांगितला. मुलगी कधीही कोणत्या शाळेत दाखल नव्हती, म्हणून शाळेविरुद्ध तक्रार बसत नाही. तिला घरी राहून शिकवायच्या यादीत घालतील, फिरते शिक्षक सवडीने घरी येतील. नागसेनने विचारलं, सवडीने म्हणजे कधी. साहेब म्हणाले, त्यांच्याकडे पूर्ण तालुका आहे. अमरावतीच्या विशेष शाळेतही आम्ही तिथूनच गेलो. मांडीवर घेणाऱ्या त्या बाई आता नाहीत. जे होते त्यांनी वय विचारलं आणि म्हणाले, हिला सहाव्या वर्षी का नाही आणलं?

त्याआधी, सुनावणीहून खाली उतरलो तेव्हा खेमा तुमच्या गाडीच्या दाराला लटकली होती. बे पंचे दहा म्हणत होती, आठच्या पुढचं आठवलं म्हणून तुला सांगायला. तू काच वर केलीस. नागसेनने तिची बोटं सोडवली.

आज सकाळी उठून तिने स्वतःच युनिफॉर्म घातला आणि ओट्यावर जाऊन बसली. मामा न्यायला येणार म्हणे. दहा वाजले, अकरा वाजले, जेवायला आत येईना. बाबांनी समजावलं, मी ओढलं, मला बोचकारलं तिने. रोज हे कसं निभावणार मी? ड्युटी सोडून पोरीला दारातून ओढत बसू? म्हणून मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं, मामा मेला.

मेलेलं माणूस परत येत नाही एवढं तिला पक्कं समजतं, आपली आई गेली तेव्हा ती जवळच होती. तिने मला दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी हो म्हटलं. मग तिने युनिफॉर्म काढला. खूप रडली. भिंतीला डोकं आपटून रडली, नागसेनने मध्ये हात धरला. या घरात तुझ्यासाठी रडणारं तेवढं एकच माणूस होतं, ते रडून घेतलं.

आता स्टँडवर, बाजारात, कुठेही ती माझ्याबरोबर दिसली तर समोर येऊ नकोस. आवाजही देऊ नकोस. लेकरू घाबरेल.

माया